देवाच्या खोलीची तार

देवपूर, धुळे
२० एप्रिल २०२५

ती. यशोदाआत्यास,
धुळ्याहून रत्नाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

माझं पत्र बघून तू दचकशील. लग्नानंतर मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, फोनवरच सगळं भागत होतं. आता फोन राहिला नाही. गुरुवारी लाइटचं बिल आलं, ह्यांनी ते जेवता जेवता वाचलं आणि भिंतीवर आधी फोन आपटला, मग मला. डाव्या कानाच्या वर खोक पडली. शेजारच्या सुलक्षणाअक्कांनी हळद भरली, आता सुकत आली आहे. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच.

गेल्या उन्हाळ्याच्या दुप्पट बिल आहे. ह्यांचं म्हणणं, मी दिवसभर कूलरखाली लोळते, टीव्ही लावून झोपते, इस्त्री तापवून ठेवते. आत्या, तुला माहीत आहे मी कशी आहे. तरी मार खाता खाता मलाच वाटायला लागलं की कुठेतरी माझंच चुकत असेल. बिलावर इतके आकडे असतात, त्यातला मला एकही कळत नाही. गल्लीतले म्हणतात नवीन मीटर पळतात. ह्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

तू रेल्वे क्वार्टर सोडून भाड्याच्या खोलीत गेलीस तेव्हा घरमालकाशी बिलावरून भांडून त्याला नमवलं होतंस. मला ते बिल वाचायला शिकव. ते कमी झालं की घरात शांतता होईल.

भूमिका बरी आहे, तिसरीची परीक्षा झाली. पत्र सुलक्षणाअक्कांच्या गिरणीच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

आहे तशीच माया ठेव, ही विनंती.

तुझी
रत्ना

*

भुसावळ
२७ एप्रिल २०२५

चि. रत्ना हिस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला या खेपेस आशीर्वाद नाहीत, ते मुद्दाम गाळले आहेत.

पत्र वाचून पहिल्यांदा कोपऱ्यातलं मुसळ हातात घेतलं आणि धुळ्याची एसटी किती वाजता आहे ते विचारायला निघाले. खालच्या मंदाबाईने जिन्यात अडवलं. म्हणाली, गुडघे धड नाहीत, पहिल्याच टोल्याला तुम्हीच पडाल. ते खरं आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. पण त्या दीपकचा हात मला एकदा उंबरठ्यात घालून दार लावायचं आहे, हे कुठेतरी लिहून ठेव.

आता बिलाचं ऐक. पैशांचा आकडा बघूच नकोस, तो बघून फक्त डोकं फिरतं. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग शोध. दोन्हीतला फरक म्हणजे तुम्ही जाळलेले युनिट. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट पडतो. इस्त्री, गिझर, पाण्याची मोटर हे खादाड. पंखा आणि दिवा बिचारे थोडक्यात भागवतात. शंभर युनिटच्या आत राहिलं तर दर हलका, वर गेलं की वरच्या प्रत्येक युनिटला चढा. म्हणून वापर थोडासा वाढतो आणि बिल मात्र उडी मारतं. स्थिर आकार म्हणून जे लिहिलं असतं ते घराला कुलूप लावलंस तरी द्यावं लागतं, त्यावरून स्वतःला दोष देत बसू नकोस.

फ्रीजच्या दारात कागद धरून दार लाव. कागद सहज सुटला तर रबर सैल झालं आहे, थंडी बाहेर पळते आणि मशीन धापा टाकत राहतं. फ्रीज भिंतीपासून वीतभर सरकव. कपड्यांना एकदम बसून इस्त्री कर. जुनी ट्यूब असेल तर काढ. टीव्ही रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करत जा. घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी मला कळव, अगदी मोबाइलच्या चार्जरसकट.

आणि रत्ना, तू लोळलीस तरी कूलर तुझाही आहे. धुळ्याच्या उन्हाळ्यात बाई कूलरखाली बसली म्हणून कोणी तिचं डोकं फोडत नाही.

जखमेला पाणी लावू नकोस. म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी
आत्या

*

देवपूर, धुळे
१८ मे २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. फ्रीजचं रबर बदललं. ट्यूब काढली, नवे बल्ब लावले. इस्त्री आठवड्यातून एकदाच. कूलर फक्त ऊन डोक्यावर असताना, तोही खिडकी उघडी ठेवून. पाणी चुलीवर तापवते. यादीही पाठवते आहे: दोन पंखे, कूलर, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, चार दिवे, चार्जर. मोटर आम्हाला नाही, नळ खाली येतो.

तरी काल आलेलं बिल आधीच्याहून जास्त, त्यावरचं रीडिंग पत्राच्या मागे उतरवून दिलं आहे.

ह्यांनी काल काय केलं ते लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. गॅरेजमधून आले, बिल बघितलं, आणि कूलरचा पाण्याचा पाइप उपसून त्याने मारलं. पाठीवर, मग दंडावर, मग मी खाली बसले तेव्हा मानेवर. नंतर फ्रीज उघडून आतलं सगळं अंगणात फेकलं, दूध, भाजी, भूमिकेसाठी ठेवलेलं आंब्याचं पन्हं. इस्त्री माझ्या पायावर टाकली. ती गार होती, एवढं बरं. अंगठ्याचं नख गेलं. भिंतीपलीकडे जेठ नवलभाऊ आणि जाऊबाई प्रमिलाबाई घरातच होते. कोणी आलं नाही. त्यांचा कूलर चालू होता, त्याचा आवाज मला मार खातानाही ऐकू येत होता.

तुला भिंतीचं माहीत आहे ना? मागच्या वर्षी मगनआबांनी, सासऱ्यांनी, जायच्या आधी दोघा भावांच्या वाटण्या करून दिल्या. मधोमध भिंत घातली, ओट्यावर दोन मीटर बसवले. तेव्हापासून ह्यांचा राग सगळा एकाच खोलीत फिरतो.

आत्या, मी काय चुकते आहे ते शोध. मी पंखासुद्धा बंद करून बसेन.

तुझी
रत्ना

*

भुसावळ
२४ मे २०२५

चि. रत्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मी कागदावर मांडून तीनदा बेरीज केली. मंदाबाईलाही करायला लावली, तिचं गणित माझ्याहून बरं आहे. तुझ्या बिलावर जेवढे युनिट आहेत त्याच्या निम्मेसुद्धा तुझ्या घरात जळत नाहीत. तुझं काही चुकत नाहीये, हे आधी डोक्यात घे. मग पुढचं वाच.

वीज कुठेतरी जाते आहे. नवीन मीटरला सगळी गल्ली शिव्या देते म्हणून तोच चोर असं नाही. आधी आपलं घर तपासायचं. दीपक गॅरेजवर असताना भर दिवसा सुलक्षणाला ओट्यावर बोलाव, साक्षीला कोणी हवं. घरातलं प्रत्येक बटण बंद कर, प्लग काढून ठेव, फ्रीजचासुद्धा. मग मीटरकडे बघ. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो, जास्त वापरली तर घाईघाईने. सगळं बंद असताना तो निपचित पडला पाहिजे. लुकलुकत राहिला, तर तुझ्या मीटरवरून कोणीतरी दुसरं जेवतं आहे. मग मेन स्विच पाड आणि कुठे अंधार होतो ते बघ.

सापडलं तर दीपकला एकटीने सांगू नकोस. चार माणसं बोलाव. त्याला मी लहानपणापासून ओळखत नाही, पण तुझ्या पाठीवरून आता पुरता ओळखते.

भूमिकेचे दोन कपडे आणि तुझी कागदपत्रं एका पिशवीत घालून सुलक्षणाकडे ठेव. का ते विचारू नकोस, ठेव.

मानेला काय झालं ते डॉक्टरला दाखव. मी आहे, एवढं विसरू नकोस.

तुझी
आत्या

*

देवपूर, धुळे
८ जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. पहिल्यापासून सांगते.

सगळं बंद करून मी आणि सुलक्षणाअक्का मीटरपुढे उभ्या राहिलो. लाल ठिपका थांबेचना, नुसता घाईत लुकलुकत होता. मी मेन पाडला आणि भिंतीपलीकडून प्रमिलाबाई ओरडल्या की कूलर कोणी बंद केला. सुलक्षणाअक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली.

वाटण्यांच्या वेळी आबांनी आमच्याकडच्या पद्धतीने देव मोठ्याकडे दिले. देवाची खोली नवलभाऊंच्या हिश्शात गेली आणि देवाच्या दिवाबत्तीचा मान धाकट्याला, म्हणजे आमच्याकडे आला. तेलाचा दिवा तर आहेच, पण वर एक बल्बही सतत जळतो. त्याची तार आमच्या मीटरवरून भिंतीतून तिकडे ओढलेली आहे. ती ह्यांनी स्वतःच ओढून घेतली होती, मोठ्या हौसेने. देवाच्या दिव्याचा हिशोब कोणी धरत नाही, म्हणून तुला यादी लिहिताना माझ्याही मनात तो आला नाही. त्या एका बल्बाच्या तारेला पलीकडच्यांनी बोर्ड लावला, बोर्डावरून कूलर, फ्रीज, कपड्यांचं मशीन, आणि आता बोअरची मोटर. देवाच्या खोलीत परक्याने जायचं नाही, त्यामुळे कोणी पाहिलं नाही.

तू चार माणसं बोलाव म्हणाली होतीस. मला धीर धरवला नाही. हे जेवायला आले तेव्हा हसत हसत सांगून बसले. मला वाटलं, आता तरी माझ्या पाठीवरून हात फिरवतील.

हे ताट तसंच टाकून उठले, मोरीमागची पहार घेतली आणि देवाच्या खोलीच्या भिंतीवर घालायला लागले. विटा पलीकडे पडल्या. नवलभाऊ पुढे झाले आणि अहिराणीत म्हणाले की देवनं घर शे, अंधार करशी तर पाप लागी. तेवढं ऐकून ह्यांनी पहार त्यांच्या खांद्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. भाऊंचा केळीचा धंदा, घड कापायचा कोयता दारातच टांगलेला असतो. तो त्यांनी उजव्या हाताने उचलला आणि ह्यांच्या डोक्यावर चालवला. कातडी कपाळापासून मागेपर्यंत उघडी झाली. प्रमिलाबाई मधे पडल्या तर त्यांचं मनगट गेलं. मी ह्यांना मागे ओढत होते तर कोपर माझ्या तोंडावर बसलं, एक दात सुलक्षणाअक्कांना नंतर उंबऱ्यात सापडला. देवापुढच्या फरशीवर इतकं रक्त होतं की पाय घसरत होते. हे त्या रक्तात उभे राहून तार दातांनी तोडायला निघाले होते. पहिली वीट पडली तेव्हाच मी पुन्हा मेन पाडला होता, नाहीतर तिथेच गेले असते.

पोलिसांनी दोघांना नेलं. भाऊबंदातले चिंधाआबा मधे पडले, दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेतल्या. ह्यांना सतरा टाके पडले. तार आता कापलेली आहे.

दात गेला त्याचं दुःख नाही. आत्या, आता बिल कमी येईल. आता त्यांना कारण उरणार नाही.

तुझ्यामुळे हे दिसलं. अशीच पाठीशी राहा.

तुझी
रत्ना

*

भुसावळ
१६ जून २०२५

चि. रत्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंदाबाईला वाचून दाखवत होते, रक्ताच्या जागी आल्यावर मला पुढे वाचवलं नाही, तिनेच वाचलं. चोर सापडला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

भावाने वीज खाल्ली तर त्याचं हाड मोडलं. बायकोने काहीच खाल्लं नव्हतं तरी तिची पाठ फोडली. आता पत्र पुन्हा वाचून मी एक गोष्ट शोधली, मला ती सापडली नाही. दीपक तुला चुकलो म्हणाला का? तुझ्या मानेला हात लावून बघितलं का? तू इतकं सविस्तर लिहितेस, केळीचा कोयता कुठे टांगतात तेसुद्धा लिहितेस, ते घडलं असतं तर तू पहिल्या ओळीत लिहिलं असतंस.

मी उगाच भिते आहे असं तुला वाटू दे. बिल कमी येईलच, त्यात मला शंका नाही. पण तुझी ती पिशवी सुलक्षणाकडून परत आणू नकोस.

दाताचं लवकर बघ, नाहीतर बाजूचे हलतात. माझे असेच गेले, आता चकली बघत बसते.

तुझी
आत्या

*

देवपूर, धुळे
१९ जुलै २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

बिल काल आलं. युनिट शंभराच्या आत. मी दोनदा रीडिंग वजा करून बघितलं, बरोबर आहे. ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

मी हसले. एवढंच केलं. बरं वाटलं म्हणून हसले.

ते म्हणाले, कोणाला हसतेस, मला शहाणपण दाखवतेस का. केसांना धरून ओट्यावर नेलं आणि मीटरच्या खालच्या खांबावर माझं कपाळ आपटलं. किती वेळा ते मला माहीत नाही. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. भूमिका आतून बघत होती. माझ्या तोंडात रक्त होतं आणि मनात एवढंच येत होतं की बिल तर कमी आलं आहे.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, ते कधीही चुकलो म्हणाले नाहीत.

मंगळवारी हे गॅरेजवर गेले की भूमिकेला घेऊन निघते. पारोळ्यावरून येणाऱ्या एसटीने येऊ. पिशवी सुलक्षणाअक्कांकडे आहेच. घ्यायला येऊ नकोस, गुडघे सांभाळ.

तुझी
रत्ना

*

देवपूर, धुळे
१२ ऑगस्ट २०२५

सौ. रत्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या फोन उचलत नाही आणि उचलला तर मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. तुम्ही दोघी तिकडे सुखात असाल.

श्रावणातला कानबाईचा सण झाला, रोटही झाले. घरची सून नसल्यामुळे भाऊबंदांत मला मान खाली घालून बसावं लागलं. चिंधाआबांनी माझा आणि नवलभाऊचा समेट केला. भाऊने पाच लोकांत चूक कबूल केली. भिंत परत बांधली. देवाच्या दिव्याची तार पुन्हा जोडली आहे, पण फक्त दिव्यापुरती, बोर्ड काढून टाकला. रोट भावाच्या घरी बसून खाल्ले. सख्ख्या भावाशी किती दिवस धरून ठेवणार.

तूही आता धरून ठेवू नकोस. मी रागीट आहे हे तुला लग्नापासून माहीत आहे. तेव्हा बिलाने डोकं फिरलेलं होतं, त्यात हात गेला. आता या महिन्याचंही बिल आलं, पूर्वीच्या निम्म्याहून कमी. चोरी तूच पकडलीस हेही मी चार लोकांत बोललो. मग आता तुझी तक्रार काय आहे, ते मला समजत नाही. भूमिकेची शाळा बुडते आहे. घर खायला उठतं.

चोवीस तारखेच्या रविवारनंतर न्यायला येतो. तयारी करून ठेव. लोभ आहेच.

तुझा
दीपक

*

भुसावळ
१९ ऑगस्ट २०२५

श्री. दीपक यांस,
रत्नाचा नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. नवलभाऊंचा खांदा जुळला आणि तुमचा समेट झाला हे वाचून बरं वाटलं. प्रमिलाबाईंच्या मनगटाचं कळवलं नाहीत.

भूमिकेची शाळा बुडत नाही. तिला इथे चौथीत घातलं आहे, आणि मला मंदाबाईंनी त्यांच्या डब्यांच्या कामात घेतलं आहे. आत्याने या पत्रात तिच्या वतीने लिहायला बरंच सांगितलं होतं, ते मी लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत माझी तक्रार काय, म्हणून लिहिते. बिलाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती, ती तुमची होती. माझ्या अंगाबद्दल होती, ती तुम्हाला कधी ऐकू आली नाही. मला तुमची खूप भीती वाटते. लग्नापासून वाटते. ती मला माझी चूक वाटायची म्हणून मी युनिट मोजत बसले.

आणखी एक आहे, ते आत्यालाही मी पूर्वी सांगितलं नव्हतं. इथे सकाळी दूधवाला मोटरसायकलवर येतो. गल्लीत ती थांबली की भूमिका अंथरुणातून उठते, पंख्याचं बटण बंद करते आणि भिंतीला टेकून उभी राहते. केस घामाने चिकटलेले असतात तरी हलत नाही. धुळ्याला तुमची गाडी वाजली की ती हेच करायची. मी तिला शिकवलं नव्हतं आणि कधी थांबवलंही नाही, मलाही तेच बरं वाटायचं.

काल आत्याने तिला सांगितलं की इथे पंखा बंद करायचा नाही. तर ती म्हणाली, पप्पा येणार नाहीत असं आधी मम्मीने सांगावं. मी तिला सांगितलं आहे की ते येणार नाहीत. तिने पंखा लावला आणि त्याखाली झोपली.

तुम्ही रविवारनंतर येऊ नका. बोलायचं असेल ते वकिलांकडून कळवा, पत्ता सोबत दिला आहे.

कळावे.

रत्ना